अध्यक्षबाईंची कोंबडी

तिसियेंजी जेरेला अध्यक्षाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं ते मी. अक्षरशः ओढत नेऊन. आमच्या सभागृहाची रीतच आहे ती. नवा अध्यक्ष निवडून आला की त्याने "नको, नको, मला कशाला" म्हणून अंग चोरायचं, आणि सत्ताधारी बाकावरचा एक, विरोधी बाकावरचा एक अशा दोघांनी त्याला दंडाला धरून खुर्चीपर्यंत न्यायचं. सगळे खोटंखोटं ओढतात. मी खरं ओढलं. तिचा डावा बूट वाटेतच निघाला. तो मी उचलला आणि माझ्या बाकाखाली ठेवून दिला. नव्या अध्यक्षबाईंनी पहिल्या दिवसाचं कामकाज लांबलचक झग्याखाली एक पाय अनवाणी ठेवून चालवलं.

मधल्या सुट्टीत ती तरातरा माझ्याकडे आली आणि आमच्याकडच्या रीतीने माझ्या लेकराच्या नावाने हाक मारून म्हणाली,

"कासोंदेच्या आई, माझा बूट दे."

"कुठला बूट? न्गोनी लोक बूट घालायला कधी शिकले?"

"देतेस का मार्शलला पाठवू?"

"पाठव की. तोही बेम्बाच आहे."

बाहेरच्या माणसाला हे भांडण वाटेल. वाटू दे. मी प्रिस्का काबासो, बेम्बा जमातीची, उत्तरेची. ती न्गोनी, पूर्वेकडची, चिपाटाची. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, धड कोणी जिंकलं नाही, आणि मग ठरलं की यापुढे भांडायचं ते फक्त तोंडाने. तेव्हापासून आमचं थट्टेचं नातं आहे. ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आम्ही त्यांना उंदीरखाऊ. एकमेकांच्या घरात शिरून आवडेल ती एक वस्तू उचलून आणायची, घरच्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि राग तर मानायचाच नाही. जो राग मानेल त्याने दुसऱ्याला एक कोंबडी द्यायची. ती घरपोच मिळत नाही हं. ज्याला ती मिळायची, त्याने स्वतः देणाऱ्याच्या दारात जाऊन ओरडून मागायची.

तिसी आणि मी एकाच निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलो. राजधानीत, लुसाकाच्या सदस्य-निवासात पहिल्या सकाळी ती ताट घेऊन माझ्या समोर बसली. चिपाटाच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, चष्मा नाकावर, पाठ ताठ. मी कासामाच्या बाजारात कोंबड्या विकून निवडून आलेली. मी विचारलं, "काय हो बाई, इथल्या स्वयंपाक्याला सांगितलंत ना, तुमच्यासाठी उंदीर भाजायला?"

तिने चष्मा काढला, स्वतःच्या नव्हे, थेट माझ्याच पोशाखाच्या टोकाने पुसला आणि म्हणाली, "सांगितलं. पण तो म्हणाला, आधी उत्तरेकडच्या बाईंचं माकड चुलीवरून उतरू दे."

झालं. त्या दिवसापासून आम्ही जोडीने न्शिमा, म्हणजे आमचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खाल्ला आणि जोडीने एकमेकींची अब्रू काढली. ती सत्ताधारी पक्षात, मी विरोधी. सभागृहात ती माझे मुद्दे खोडायची, बाहेर आली की मी तिची छत्री पळवायची. तिच्याकडे एक मोठं जाड बुडाचं पातेलं होतं. शेंगदाण्याचं कूट घालून भोपळ्याची पानं त्यात अशी शिजायची की काय सांगू. ते पातेलं माझ्या डोळ्यात भरलेलं. तिला ते ठाऊक होतं. मी यायची म्हटलं की बाई ते कपाटात घालून कुलूप लावायची.

ती वर वर चढत गेली. पक्षाची प्रतोद झाली, मग समितीची प्रमुख, मग उपाध्यक्ष. मास्तरीणपणा काही सुटला नाही. एकदा एक मंत्री गोल गोल बोलत होते, तर खुर्चीवरून म्हणाली, "मंत्रिमहोदय, प्रश्न एका वाक्याचा होता. मी निबंध मागितलेला नाही." तो गडी मटकन खाली बसला. मी विरोधी बाकावर असून अभिमानाने अशी फुगले की शेजारच्याला विचारावं लागलं, मी टाळ्या वाजवल्या की काय.

माझा नवरा गेला तेव्हा ती उपाध्यक्ष होती. मोठ्या गाडीतून कासामाला आली, चांगले बूट घालून. तिरडी निघाली तर ही बया वाटेत आडवी बसली. "नेऊ देणार नाही! हा मेलाबिला नाही. शेंगा काढायचे दिवस आलेत ना, म्हणून सोंग घेतलंय. बेम्बांची ही जुनी खोड!" माणसं रडता रडता हसायला लागली. थट्टेच्या नात्यातल्यांनी मयताला हेच करायचं असतं, पण मोठ्या हुद्द्यावर गेल्यावर कोण करतं? तिने केलं. लाल मातीत लोळली. किती दिवसांनी माझ्या घशातून हसू फुटलं, आणि मग मला नीट रडता आलं.

एवढं सगळं असताना पुढचं घडलं, म्हणून तर माझा तिळपापड झाला.

ती अध्यक्ष होऊन महिनाच झाला असेल. शेतीमंत्री रडगाणं गात होते की सरकारी कोठारांत उंदीर झालेत, मका फस्त करतायत, उपाय सुचत नाही. आता मला सांगा, एवढं आयतं ताट समोर आल्यावर बेम्बा बाईने हात धुवून गप्प बसायचं? मी उठले. "अध्यक्ष महोदया, उपाय आपल्या खुर्चीतच बसलाय. आपल्या गावाकडची चार माणसं बोलवा, सोबत थोडं मीठ द्या. आठवड्यात उंदीर औषधालाही उरणार नाही!"

सभागृह खदखदून हसलं. मंत्री हसले. मार्शल भिंतीकडे तोंड करून हसला. तिसीनेही चष्मा काढून पुसायला घेतला. मी काहीतरी बोलणार असले की ती तसंच करायची, पुढचं उत्तर जुळवायला वेळ मिळावा म्हणून.

तेवढ्यात पश्चिमेकडचे सदस्य सिमाता उठले. तिच्याच पक्षाचे, पण अध्यक्षपद आपल्याला मिळालं नाही म्हणून आतून धुमसत होते. "हरकतीचा मुद्दा! अध्यक्षांच्या खुर्चीला उंदीरखाऊ म्हटलं गेलंय. रेडिओवर सगळा देश ऐकतोय. नव्या अध्यक्षांना खुर्चीचा मान राखता येतो की मैत्रिणींचा, हे आज कळू दे."

हसू जागच्या जागी विझलं. सगळ्यांना आमचं नातं माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण टेबलावर राजदंड ठेवलेला होता, आणि राजदंड टेबलावर असेपर्यंत ती तिसी नसते, अध्यक्ष असते. तिने चष्मा परत घातला.

"या खुर्चीला नातेवाईक नाहीत," ती म्हणाली. "सन्माननीय सदस्य काबासो यांचे शब्द कामकाजातून काढून टाकावेत. सन्माननीय सदस्यांना महिनाभरासाठी निलंबित करण्यात येत आहे."

मार्शल आला. बिचारा पुटपुटला, "मावशी, चला ना." मी गेले.

तिने तसं का केलं हे मला कळत नव्हतं असं नाही. हसून सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी सभागृहातल्या एकूण एक जमातीने खुर्चीशी नातं काढलं असतं आणि शिव्यांची जत्रा भरली असती. कळत होतं सगळं. पण कळणं वेगळं आणि तळपायाची आग मस्तकात जाणं वेगळं. त्याच महिन्यात आमच्या तळ्याकाठच्या दवाखान्याचा माझा प्रश्न चर्चेला येणार होता. तो दुसऱ्याच कोणी वाचला आणि आमच्या गावांची नावं अशी काही उच्चारली की गावकऱ्यांना वाटलं, दवाखाना शेजारच्या देशात होतोय.

राग मानला होता तिने. म्हणजे कोंबडी माझी होती. पण मी मागायला गेले नाही. मागायला जायचं म्हणजे नातं आहे असं कबूल करायचं. खुर्चीला नातेवाईक नाहीत ना? मग नाहीत. बरं.

महिन्याने परत आले आणि मी सभ्य झाले.

हसू नका. आमच्यात याहून मोठा सूड नाही. ती वाटेत भेटली की मी मान लववून म्हणायची, "सुप्रभात, अध्यक्ष महोदया. प्रकृती बरी आहे ना आपली?" ती चिमटा बसल्यासारखी थबकायची. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, उतरेल राग. मग तीच डिवचायला लागली.

"सन्माननीय काबासो, तुमच्या बाजूला हल्ली माकडं फार झालीत म्हणे."

"वनखात्याला कळवते, महोदया. लक्ष घातल्याबद्दल आभार."

एकदा माझ्या बाकावर केळ्यांचा अख्खा घड येऊन पडला. कोणी ठेवला हे सांगायला नको. मी तो शिपायांना वाटून टाकला आणि वर तोंडभरून आभार पाठवले, अध्यक्ष महोदयांनी गरिबांची आठवण ठेवली म्हणून. त्या दिवशी दुपारभर ती खुर्चीवर ओठ मिटून बसली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण एकीकडे काय व्हायचं, तर सभागृहात एखादा मंत्री तोंडावर पडला की माझी मान आपोआप खुर्चीकडे वळायची. तिचीही माझ्याकडे वळायची. मग दोघी घाईघाईने छताकडे बघायचो. जेवायला मी एकटी बसायचे. न्शिमा गिळायला काही लागत नाही, पण शिव्यांशिवाय तो अगदीच पिठाचा गोळा लागतो.

अशी वर्षं गेली. तिने सभागृह मात्र चालवलं, हे शत्रूनेही मान्य करावं. कोणाची भीड ठेवली नाही. सिमातांनाही दोनदा बाहेर काढलं. मी कागद चाळायचं सोंग करून तोंड लपवलं.

आणि मग तिने जाहीर केलं की पुढची निवडणूक लढवणार नाही. आता चिपाटाला जाऊन शेती करणार. मुलं परदेशी, नवरा कधीच गेलेला. शेवटच्या दिवशी निरोपाची भाषणं ठेवली होती.

काय ती भाषणं! जो उठेल तो मधाची बरणी उपडी करत होता. लोकशाहीची माता, न्यायाची मूर्ती, पूर्वेची पहाट. सिमाता तर इतके गहिवरले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ती वर बसली होती, पांढरा टोप, काळा झगा, चेहरा दगडाचा. मला तो चेहरा ओळखीचा होता. कोणी खूप गोड बोललं की तिसीचं पोट बिघडतं.

माझी पाळी आली. मी भाषण लिहून आणलं होतं, चांगलं सभ्य, दोन पानी. उभी राहिले. "अध्यक्ष महोदया..." म्हणाले आणि वर बघितलं.

तिने चष्मा काढला होता. झग्याच्या टोकाने पुसत होती. हळूहळू, एकच काच, परत परत.

वाट बघत होती बाई. एवढ्या वर्षांनीही वाट बघत होती. उद्या ती चिपाटाच्या गाडीत बसणार, मी कासामाच्या. मध्ये अख्खा देश. तिला तिथे सगळे 'माजी अध्यक्ष' म्हणून वाकून नमस्कार करणार, आणि उंदीरखाऊ म्हणणारं माणूस मेलं एक नसणार. आणि मला तरी कोण उरलं होतं माकडीण म्हणायला? मी ही दोन पानं वाचून खाली बसले असते तर संपलंच होतं.

टेबलावर राजदंड चकचकत होता. रेडिओ चालू होता. मी पानांची घडी घालून खिशात टाकली.

"अध्यक्ष महोदया," मी म्हणाले, "सगळ्यांनी आपली स्तुती केली. मला फक्त एक सूचना करायची आहे. आपण गेल्यावर कर्मचाऱ्यांनी ती खुर्ची उलटी करून बघावी. एवढी वर्षं एक न्गोनी बाई तिच्यावर बसली होती. आतला कापूस उरला असेल असं मला वाटत नाही. कुरतडायची सवय काही जात नाही!"

सिमाता सवयीने अर्धे उठले, "हरकतीचा..." म्हणाले आणि स्वतःच गोंधळून तसेच अधांतरी राहिले.

तिने चष्मा घातला. आवाज तोच, खुर्चीचा.

"सन्माननीय सदस्यांनी शब्द मागे घ्यावेत."

"नाही घेत."

"ही शेवटची संधी आहे."

"आधी गादी तपासा, मग घेते."

तिची हनुवटी थरथरत होती. रडत होती की हसू दाबत होती, खाली कोणालाच कळेना. "तर मग सन्माननीय सदस्यांनी ताबडतोब सभागृहाबाहेर जावं."

"जाते," मी म्हणाले. "पण हात हलवत नाही जायची. नात्याचा हक्क आहे माझा. या घरातली आवडेल ती एक वस्तू उचलून नेणार."

आणि मी बाकामधून निघाले ते सरळ खुर्चीच्या पायऱ्या चढले. मार्शल धावत आला, दोन पायऱ्या खाली थांबला आणि छतावरच्या दिव्यांची पाहणी करायला लागला. मी तिसीचा दंड धरला. तोच दंड, जो धरून तिला वर आणलं होतं.

"चल."

"सोड, कामकाज चालू आहे!"

"ऊठ म्हणते ना!"

"अगं सोड गं माकडिणी, सभा तहकूब तरी करू दे!"

ध्वनिक्षेपकातून ते वाक्य सभागृहभर घुमलं. रेडिओवरून देशभर गेलं. तिने जीभ चावली आणि तोंडावर हात ठेवला. आणि असा हशा उसळला की दोन्ही बाजूंची बाकं बडवली जाऊ लागली. सिमाता हसत होते. पाणी अजून हातात होतं, ते सगळं कपड्यांवर.

खाली बसलेले सचिव उठले. नियमाचं माणूस. घसा साफ करून म्हणाले, "अध्यक्ष महोदया, दोन्ही सन्माननीय... म्हणजे दोन्ही वाक्यं कामकाजातून काढून टाकायची ना?"

तिने वाकडा झालेला टोप सरळ केला. माझ्याकडे बघितलं.

"नको. राहू द्या," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, शेवटचं, "सभागृह तहकूब होत आहे."

राजदंड उचलला गेला. तिने अंग चोरलं नाही की नको नको म्हटलं नाही. फक्त वाकली, दोन्ही बूट काढले आणि हातात घट्ट धरले. "या वेळी नाही मिळायचे," म्हणाली. मग मी तिला ओढत दारापर्यंत नेलं, तिच्या झग्यासकट.

बाहेर जॅकरांडाच्या झाडाखाली तिची गाडी उभी होती. टोप काढून तिने डोकं खाजवलं आणि मागचं दार उघडलं. सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि त्याच्यावर पाय बांधलेली एक काळी कोंबडी ऐटीत बसलेली.

"हे काय?"

"तुझी कोंबडी. तुला तेव्हा महिनाभर बाहेर काढलं ना, त्याच संध्याकाळी बाजारातून आणली."

मी कोंबडीची पिसं उलटी करून बघितली. पाय बघितले. "मला शिकवतेस? आयुष्य कोंबड्या विकण्यात गेलं माझं. ही अजून तलंग आहे, धड वर्षाची नाही."

"ही ती नव्हे गं," तिसी म्हणाली. "ती म्हातारी होऊन मेली. ही तिच्या नातीची लेक. तू मागायला आलीच नाहीस." आणि मग खुर्चीचा आवाज तिच्याकडे उरलाच नाही. "दर रविवारी वाटायचं, आज येशील, दारात उभी राहून बोंब मारशील. अंगणात कोंबड्यांची पिढी बदलली, आणि तू आपली मला महोदया, महोदया करत होतीस."

ड्रायव्हर आरशात बघत होता, त्याला म्हटलं समोर बघ. कोंबडी काखोटीला मारली आणि नाक पुसलं.

"पणजी माझी होती ना?"

"हो."

"मग आज्या, मावश्या, बहिणी, अंडी, सगळी माझी. कुठेत बाकीच्या?"

तिने बूट खाली टाकले आणि त्यात पाय सरकवले. "खाल्ल्या."

"बघा! बघा, लोकहो! उंदीर कमी पडले वाटतं!"

ती गाडीला टेकून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी, चष्मा हातात. मी आत शिरले, कोंबडी मांडीवर घेऊन ऐसपैस बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, "आधी बाईंच्या घरी घे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच आहे, आणि मला अजून पातेलं उचलायचंय."